परभणीची भेंडी कुठल्या रकान्यात?

ग्रामीण भागात फळं-भाज्या कमी खाल्ल्या जातात, त्यासाठी जनजागृती हवी. पोषणावरच्या संशोधन आराखड्यांत हे वाक्य इतकं सवयीचं झालंय की त्याला कुणी अडवत नाही. 'पेट' पास होऊन विषय शोधत असाल आणि परभणी जिल्हा डोक्यात असेल, तर आधी बघा की 'कमी' हे मोजलं कशाने.

हाताशी असलेला मोठा स्रोत म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पाचवी फेरी, २०१९-२१. त्यात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं जातं: अमुक पदार्थ तुम्ही स्वतः रोज खाता, आठवड्यातून, कधीतरी, की कधीच नाही? यादीत दूध-दही, डाळी, अंडी, मासे, मटण-चिकन, तळलेलं, बाटलीतली शीतपेयं आहेत. फळं आहेत. भाज्यांपैकी मात्र फक्त गडद हिरव्या पालेभाज्या.

म्हणजे वांगं, गवार, दोडका, भेंडी यांना रकानाच नाही. 'परभणी क्रांती' ही पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या विषाणूला दाद न देणारी भेंडी परभणीच्याच कृषी विद्यापीठाने दिली. ती कुणी रोज खाल्ली तरी या प्रश्नाच्या उत्तरात दिसणार नाही. यावरून सर्वेक्षण टाकाऊ ठरत नाही. तोच प्रश्न देशभर विचारला म्हणून राज्याराज्यांची तुलना होते, हा त्याचा मोठा गुण. पण पालेभाजीच्या आकड्यावरून 'भाज्या कमी खातात' असं लिहिणं ही उडी तुमची असते, सर्वेक्षणाची नाही.

दुसरी गोष्ट महिन्यांची. महाराष्ट्र या फेरीच्या पहिल्या टप्प्यात होता आणि तो टप्पा १७ जून २०१९ ते ३० जानेवारी २०२० असा चालला. आता शेताकडे बघा. पावसाळ्यात बांधावर तांदुळजा, घोळ, पाथरी फुकट मिळते, पुढे अंबाडी येते. थंडीत हरभऱ्याचा पाला, करडईची कोवळी भाजी, मेथी. एप्रिल-मेमध्ये विहिरीने तळ गाठला की यातलं फारसं काही उरत नाही, आणि नेमके तेच महिने या टप्प्याबाहेर. प्रश्न 'एरवी किती वेळा' असा असतो हे खरं, पण टोपलीत तांदुळजा असताना उन्हाळा आठवून उत्तर कोण देतं? त्यामुळे खरी तंगी आकड्यापेक्षा जास्तही असू शकेल. म्हणजे टीका दोन्ही बाजूंनी करावी लागते.

तिसरी अडचण आपल्या भाषेतली आहे, आणि प्रश्नावली इंग्रजीतून उतरवताना तीच सुटते. 'आज भाजी काय केली?' याचं उत्तर 'बेसन' असू शकतं, 'मटकी' असू शकतं, 'बटाटा' असू शकतो. भाकरीबरोबर जे कोरड्यास, ते भाजी. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोजच्या ४०० ग्रॅममध्ये बटाटा धरत नाहीत; आपल्या घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीत बटाटा आणि कांदा भाज्यांतच येतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून टक्केवारी काढलेली दिसली तर तिथेच थांबा. उलट बाजूने, रानातली बोरं, चिंच, जेवताना तोंडी लावलेला मुळा किंवा काकडी यांना कुणी 'फळं-भाज्या खाल्ल्या' म्हणत नाही. फळ म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना नेतात ते!

आणि जनजागृती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या ताटासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. पोषणाच्या दृष्टीने शिफारस योग्यच आहे. आता चार मोठ्या माणसांचं घर धरा. दिवसाला दोन किलो, आठवड्याला चौदा किलो. पालम किंवा सोनपेठच्या एखाद्या खेड्यात आठवडी बाजारातून ते एकदम आणायचं, मे महिन्यात फ्रीजशिवाय सात दिवस टिकवायचं, आणि मजुरीतून त्याचे पैसे द्यायचे. एवढं समोर असताना 'मातांमध्ये पोषणविषयक ज्ञानाचा अभाव' असा निष्कर्ष काढला, तर बाजाराचा आणि पाण्याचा दोष आपण बाईच्या माथी मारतो. शिवाय ती शेवटी जेवत असेल, तर भांड्यात काय उरलं होतं हे 'कुटुंबात भाजी केली का?' या प्रश्नातून कधीच कळणार नाही.

म्हणून तुमची प्रश्नावली आधी पाच-सहा घरांत नुसती बोलून बघा. 'भाजी' हा शब्द न वापरता काल सकाळपासून काय काय खाल्लं ते क्रमाने विचारा, रानात तोंडात टाकलेलंही. घरातलीच वाटी घेऊन कच्चं वजन आणि शिजल्यावरचं माप जुळवून ठेवा, कारण पालेभाजी शिजून किती आळते ते तुम्हाला माहीतच आहे. आणि मार्गदर्शक काहीही म्हणोत, एक फेरी मे महिन्यात ठेवा.