घाट आणि झिलई : एका हातघडणीच्या पाइपाचे परीक्षण

टीकालेखनात आपण ‘घाट’ हा शब्द इतक्या सहजपणे योजतो की, तो मुळात भांड्याकुंड्यांच्या व्यवहारातला आहे याचा आपणांस विसर पडतो. कादंबरीचा घाट, लघुकथेचा घाट असे आपण म्हणतो. परंतु तांबटआळीत भांडे पारखणारी गृहिणी ‘ह्या तांब्याचा घाट बरा नाही’ असे म्हणते तेव्हा तिला केवळ बाह्यरेषा अभिप्रेत नसते. तांब्या कलता केला असता पाणी धारेने पडते की काठावरून ओघळते, गळ्याशी बोटे नीट बसतात की निसटतात, हेही त्या एका शब्दात आलेले असते. नदीतल्या गोट्याला आकार असतो, घाट नसतो. हा भेद ध्यानात ठेवून प्रस्तुत लेखात एका लहानशा वस्तूचे परीक्षण करावयाचे आहे. ती वस्तू म्हणजे तंबाखू ओढण्याचा, हाताने घडविलेला एक लाकडी पाइप.

पाइप घडविणारा आमच्या विभागाचा माजी विद्यार्थी आहे. त्याचे वडील कातारी होते. लाटणी, पाळण्याचे खांब कातण्यात त्यांचे आयुष्य गेले. मुलाने भाषाशास्त्राची पदवी घेतली, नोकरी धरली आणि गेली तीन वर्षे रात्री वडिलांच्या लेथवर तो पाइप करीत आहे. हा त्याचा अकरावा. नोकरी सोडून हेच काम करावे की काय, असा त्याचा विचार चालला असल्यामुळे त्याने माझे मत मागितले, आणि तेही लेखी मागितले. तोंडी मत सौजन्याने सैल होते, हे त्याचे म्हणणे रास्तच आहे. ते येथे प्रसिद्ध करण्यास त्याची संमती आहे. प्रस्तुत लेखकाने तंबाखू सोडून बरीच वर्षे झाली. तथापि पाइप पारखण्यास तो पेटवावाच लागतो असे नाही.

लाकूड ‘ब्रायर’ आहे. या शब्दाची एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. इंग्रजीत ‘ब्रायर’ म्हणजे काटेरी झुडूप. पण पाइपाच्या ब्रायरचा त्या काट्यांशी काही संबंध नाही. तो फ्रेंच ‘ब्रुयेर’, म्हणजे हीदर जातीचे झुडूप, या शब्दापासून आला आणि इंग्रजांच्या तोंडी ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसला. ‘एरिका आर्बोरिया’ नावाच्या या भूमध्यसागरी झुडपाच्या बुंध्याशी, मुळे व खोड यांच्यामध्ये, जी गाठ वाढते तिचे हे लाकूड. ती उकरून काढतात, तुकडे करून कित्येक तास उकळतात आणि महिनोन्‌महिने सावलीत वाळू देतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील ज्युरा भागातल्या सें-क्लोद या गावी या लाकडाचे पाइप होऊ लागले, आणि मातीच्या व मीरशॉमच्या पाइपांचे दिवस ओसरले. आमच्या विद्यार्थ्याचा ठोकळा इटलीतील कालाब्रियाचा आहे.

आता घाट. त्याने ‘बिलियर्ड’ हा रूढ प्रकार निवडला आहे : सरळ उभे भांडे, त्याला काटकोनात जोडलेला गोल दांडा, आणि पुढे निमुळती होत जाणारी तोटी. हा प्रकार दिसावयास सर्वांत सोपा आणि साधावयास सर्वांत अवघड, कारण त्यात लपावयास जागा नाही. भांड्याची उंची आणि दांड्याची लांबी जवळजवळ सारखी असावी, भांड्याचे पोट किंचितच फुगीर असावे, आणि दांडा भांड्याला मिळतो तेथली रेषा स्पष्ट असावी, एवढीच त्याची अपेक्षा. मर्ढेकरांनी लयीच्या संदर्भात सांगितलेली संवाद, विरोध व समतोल ही तत्त्वे इथे जणू फूटपट्टीने मोजता येतात. या पाइपाचे भांडे ४८ मिलिमीटर उंच आहे आणि दांडा ४६, इथपर्यंत ठीक. पण भांडे समोरून पाहिले की डावा गाल उजव्यापेक्षा भरलेला दिसतो. बाजूने पाहिले की हनुवटी, म्हणजे भांड्याचा पुढचा खालचा भाग, जड होऊन खाली ओढल्यासारखी वाटते. जेथे दांडा भांड्यातून निघतो तेथे कानस पोचत नाही, म्हणून पॉलिशपेपर बोटाभोवती गुंडाळून काम भागविलेले आहे. त्यामुळे जी रेषा हवी तेथे एक मऊ, अनिश्चित खळगा झाला आहे. भांडे संपते कोठे व दांडा सुरू होतो कोठे, हे सांगता येत नाही.

माझ्या एका सहकाऱ्यांना हे परीक्षण कठोर वाटले. हाताने केलेल्या वस्तूत हाताची खूण राहणारच, किंबहुना तीच तिची शोभा, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण आज हातघडणीचा बराच माल याच एका वाक्यावर विकला जातो. या बाबतीत कोपनहेगनचे सिक्स्टन इवार्सन (१९१०–२००१) यांचे उदाहरण बोलके आहे. जन्माने स्वीडिश असलेल्या या कारागिराने पाइपाच्या घडणीचा क्रमच उलटा केला. आधी भोके पाडून मग बाहेरचा आकार काढावयाचा, ही जुनी रीत. त्यांनी लाकडातील रेषांचा कल पाहून आधी आकार काढला व मग भोके पाडली. त्यांचे कित्येक पाइप एका अंगाला झुकलेले, असम आहेत. तथापि त्यांनी योजलेले अनेक घाट पुढे स्टॅनवेल या डॅनिश कारखान्याने यंत्रावर काढले. जी असमता यंत्राला शिकविता येते, शेकडो वेळा तशीच काढता येते, ती हात चुकल्याची खूण नव्हे. ती योजना होय. आमच्या विद्यार्थ्याचा डावा गाल पुन्हा तसाच काढण्यास त्याला सांगितले तर तो काढील काय? मी त्याला हे विचारले. तो हसला, आणि त्याने प्रामाणिकपणे नाही म्हटले.

झिलईकडे वळले की गोष्ट अधिक नाजूक होते. पहिल्या दर्शनी पाइप देखणा आहे. गडद तपकिरी रंग आधी मुरवून, तो वरवर घासून काढून, मग तांबूस रंग दिला आहे. त्यामुळे लाकडाच्या उभ्या रेषा उठून दिसतात आणि बाजूला पक्ष्याच्या डोळ्यांसारखे ठिपके उमटतात. वर कार्नोबा मेणाची चकाकी आहे. आता पाइप खिडकीसमोर धरावा आणि भांड्यात पडलेले खिडकीच्या गजाचे प्रतिबिंब पाहावे. पाइप सावकाश फिरविला असता ते प्रतिबिंब सरळ सरकत राहिले तर पृष्ठभाग एकसंध आहे असे समजावे. इथे ते दोन ठिकाणी थरथरते आणि डाव्या गालावर चक्क मोडते. म्हणजे ज्या चकाकीने दोष झाकावयाचे तीच त्यांची साक्ष देते. जाड पॉलिशपेपरचे ओरखडे नीट न काढता बारीक पेपरवर उडी मारल्याचेही गडद रंगाने उघड केले आहे : दांड्याच्या खालच्या अंगास आडव्या काळसर रेघा आहेत, त्या लाकडाच्या नव्हेत. शिवाय काठाशी एका ठिकाणी बारीक छिद्र होते, ते लांबी भरून बुजविले आहे. ब्रायरमध्ये अशी छिद्रे निघावयाचीच. गाठ दगडमातीत वाढते. छिद्र तसेच ठेवले असते तर माझा आक्षेप नव्हता. लांबी मात्र लाकडासारखा रंग पीत नाही, आणि तो ठिपका मेलेल्या डोळ्यासारखा पाहत राहतो.

अंतर्भागाचा दोष सर्वांत मोठा, आणि तो बाहेरून दिसत नाही. दांड्यातून येणारे ४ मिलिमीटरचे हवेचे भोक भांड्याच्या अगदी तळाशी, मधोमध उघडावयास हवे. इथे ते तळापासून सुमारे २ मिलिमीटर वर व थोडे डावीकडे उघडते. पाइप साफ करावयाची तार आत घातली की ती कोठे निघते ते पाहून हे कोणासही ताडता येईल. परिणाम असा की, तळाची तंबाखू जळणार नाही. ती ओली होऊन साचेल आणि शेवटचे झुरके कडू लागतील. तांब्याच्या गृहिणीने हा दोष घाटातच धरला असता, आणि तिचेच बरोबर ठरले असते.

मग या पाइपात चांगले काही नाही काय? आहे, आणि ते अनपेक्षित ठिकाणी आहे. तोटी. तयार साच्याची तोटी विकत मिळत असता याने एबोनाइटच्या कांबीतून ती कापून काढली आहे. दातांत धरावयाच्या जागी तिची जाडी ४ मिलिमीटरच्या आत आहे, कडा ओठाला कोठेही बोचत नाही, आणि आतले भोक टोकाशी पंख्यासारखे रुंद केलेले आहे. दांड्यात बसणारी खुंटी फिरविताना एकसारखा, मऊ दाब जाणवतो. सांध्यातून उजेड दिसत नाही. इथे कानशीचा प्रत्येक हात मोजून मारलेला आहे. वडिलांच्या लेथवर गोल वस्तू काढणारा हात गोल भांड्यावर चुकावा आणि जी वस्तू लेथवर निघतच नाही तिच्यावर अचूक पडावा, याचा अर्थ मी असा लावतो की, भांडे करताना तो सवयीवर विसंबला आणि तोटी करताना त्याने डोळ्याने काम केले.

‘हा पाइप विकावा काय?’ या त्याच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे; ‘नोकरी सोडावी काय?’ याला ‘अजून नाही’ असे आहे. तोटी जपून ठेवावी. डावा गाल एक मिलिमीटरभर उतरविता येईल. भिंत ८ मिलिमीटर जाड आहे, तेवढे तिला सोसवेल. दांड्याच्या मुळाशी अर्धगोल बारीक कानशीने रेषा पुन्हा काढता येईल, मात्र त्यासाठी सगळा रंग खरवडून पहिल्यापासून घासावे लागेल. तळाची २ मिलिमीटरची पायरी कानशीने जाणार नाही. राखेचा लेप भरून ती बुजविण्याची रीत पाइप ओढणाऱ्यांत आहे, पण तो दुरुस्तीचा उपाय झाला. बारावा ठोकळा त्याच्याकडे आला आहे. त्यात भोक कोठे पाडावयाचे ते पेन्सिलीने आखून त्याने मला दाखवावे, असे मी त्याला कळविले आहे.