अय्यार, मवाली आणि मागली गल्ली

एखाद्या खेळाचे नियमपुस्तक हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही वाचकांना येईल. परंतु ज्या खेळात चार-पाच माणसे टेबलाभोवती बसून बोलता बोलता एक गोष्ट रचतात, एकजण निवेदक होतो, बाकीचे पात्रे होतात आणि जिथे निकाल अनिश्चित तिथे फासे टाकतात, तो खेळ कथनाच्या प्रांतातलाच आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा असा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्याच्या पाचव्या आवृत्तीचे खेळाडूंसाठीचे पुस्तक २०१४ साली आले. त्यात प्रत्येक पात्राला एक 'पार्श्वभूमी' निवडावी लागते. त्यांतली एक आहे 'अर्चिन', म्हणजे रस्त्यावर वाढलेले बेवारस पोर. त्या पानाचे वाचन आम्हाला येथे करायचे आहे. कारण 'रस्त्याचा पोरगा' ही प्रतिमा आपल्या समाजाच्या वाट्याला वारंवार आलेली आहे, आणि ती बहुधा दुसऱ्यांनीच लिहिलेली आहे.

या पानावर पोराला काय काय दिले आहे? एक लहान चाकू, ज्या शहरात तो वाढला त्याचा नकाशा, पाळलेला उंदीर, आईबापांची आठवण म्हणून एखादी वस्तू, साधे कपडे आणि कमरेच्या बटव्यात दहा सुवर्णनाणी. कौशल्ये दोन: हातचलाखी आणि लपतछपत वावरणे. वेषांतराचे साहित्य आणि कुलपे उघडण्याची हत्यारेही त्याला वापरता येतात. शिवाय एक खास गुण, शहराची गुपिते. लढाई नसेल तेव्हा तो स्वतः आणि त्याच्यामागून चालणारे सोबती शहरातल्या कोणत्याही दोन ठिकाणांमधले अंतर दुप्पट वेगाने कापतात.

या यादीतल्या दोन गोष्टींना आम्ही दाद देतो. आईबापांची आठवण ही पहिली. चोरीच्या आधी वियोग आहे, हे या पानाला ठाऊक आहे. दुसरी गोष्ट नकाशा. गरिबाजवळ काय नाही याची मोजदाद सगळेच करतात, इथे त्याच्याजवळ काय आहे ते आधी सांगितले आहे, आणि ते ज्ञान आहे.

याच पुस्तकात उमरावाची पार्श्वभूमीही आहे. त्याला पंचवीस नाणी, मुद्रेची अंगठी आणि वंशावळीचा कागद मिळतो. त्याचा खास गुण असा की, तो जिथे असेल तिथे असण्याचा त्याला हक्कच आहे असे लोक गृहीत धरतात. ही दोन पाने शेजारी ठेवून वाचावीत. एकाला पुढचा दरवाजा उघडतो, दुसऱ्याला मागली गल्ली ठाऊक असते. वर्गभेदाचे इतके नेमके विधान एका खेळाच्या पुस्तकात सापडावे याचे आम्हाला नवल वाटते.

तरीही हे पान अपुरे आहे. खारदांड्याचेच उदाहरण घेऊ. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खार-वांद्र्याच्या उंच इमारती आणि मधे हा जुना कोळीवाडा व त्याला लागून वाढलेली दाट वस्ती. तिथल्या पोराला काय येते? ओहोटी केव्हा लागते, उधाणाचे पाणी कुठपर्यंत चढते, आभाळ भरून आले की वलांडीवरचे बोंबील कुणाचे आधी उतरवायचे, कोळणीशी कोणत्या बोलीत बोलायचे, इमारतीच्या वॉचमनशी कोणत्या, आणि हवालदारासमोर कधी बोलायचेच नाही. यातले काहीही 'हातचलाखी' आणि 'लपणे' या दोन रकान्यांत बसत नाही. हे शहाणपण उघड्यावरचे आहे आणि दहाजणांत वाटून घेतलेले आहे. खेळातले पोर मात्र एकटे आहे. त्याला शेजारी नाहीत, उधार देणारा वाणी नाही, सणाला वाटी पाठवणारी खाला नाही. एकटे पोर आणि हातात चाकू, एवढ्यावरून त्याचे पुढचे आयुष्य चोराचेच होणार, असा अंदाज बांधणे सोपे जाते.

हा दोष फक्त अमेरिकेचा नाही. मराठीत ज्याला आपण सहज 'मवाली' म्हणतो, तो शब्द अरबीतून आला असे मानतात. 'मौला' या शब्दाचे ते अनेकवचन. इस्लामच्या पहिल्या शतकात अरब टोळ्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या बिगरअरब मुसलमानांना मवाली म्हणत. धर्माने बरोबरीचे, पण मानाने खालचे. त्यांचा असंतोष ७५० साली उमय्यांची सत्ता उलथवण्यामागचे एक कारण ठरला. बरोबरी मागणाऱ्यांचे नाव आपल्याकडे गुंडाचे नाव झाले! शब्दाचा हा प्रवास म्हणजे सबंध समस्येचाच सारांश आहे.

'अय्यार' या शब्दाचा प्रवास याच्या उलटा झाला. बगदादच्या रस्त्यांवरचे अय्यार राज्यकर्त्यांच्या लेखी लुटारू होते, पण ८१२-१३च्या वेढ्यात शहरासाठी लढले तेही तेच. सीस्तानचा तांबट याकूब बिन लैस अय्यारांतूनच पुढे आला आणि ८६१ साली सत्ताधीश झाला. अय्यारीला जवाँमर्दीची आचारसंहिता जोडली गेली: दिलेला शब्द पाळावा, आश्रिताला दगा देऊ नये. पुढे दास्तान-ए-अमीर हमजामध्ये उमरो अय्यार अवतरला. तो उंटवाल्याचा मुलगा. त्याच्या झंबीलमध्ये अख्खे जग मावते, आणि जिथे हमजाची तलवार थांबते तिथे उमरोची अक्कल चालते. तो लोभी आहे, लबाड आहे, पण एकटा नाही. त्याचे शागीर्द आहेत, दोस्त आहे, निष्ठा आहे. खेळातल्या पानात नेमके हेच नाही.

मराठीत भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'ने (१९६५) नाक्यावरच्या पोरांना त्यांची स्वतःची भाषा दिली. अत्र्यांसारख्यांनी त्यावर कठोर टीका केली, पण पुस्तक टिकले. जयवंत दळवींचे 'चक्र' (१९६३) आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) यांनी झोपडी आणि रस्ता साहित्यात आणला. मुस्लिम मराठी लेखनाने मात्र कोकणातले गाव, घरातली घुसमट, सुधारणेचा झगडा हे विषय जितक्या आस्थेने लिहिले, तितक्या आस्थेने मुंबईची गल्ली लिहिली नाही असे आमचे मत आहे. ती जागा चित्रपटाने व्यापली आणि तिथे आपल्या पोराच्या हातात बहुतेक वेळा पिस्तूल दिले. भाड्याचे घर पाहायला गेल्यावर नाव सांगताच बोलणे कसे आटोपते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पार्श्वभूमी खेळाडू निवडतो. आपल्या पोराला ती चिकटवली जाते.

२०२४ साली या खेळाचे पुस्तक नव्याने निघाले. अर्चिन गेला आणि त्याच्या जागी 'वेफेअरर' म्हणजे वाटसरू आला. त्याच्या कौशल्यांत माणसे ओळखण्याची पारख आली, ही सुधारणाच. पण नकाशा गेला, आईबापांची आठवण गेली, शहराची गुपितेही गेली. त्याऐवजी त्याला 'नशीबवान' हा गुण मिळाला. शिवाय सामानाऐवजी रोकड घ्यायची ठरवल्यास उमरावाला आणि वाटसरूला सारखीच पन्नास नाणी मिळतात. खेळ समतोल व्हावा हा हेतू समजण्यासारखा आहे, परंतु वाङ्मयीन दृष्टीने ही घसरणच म्हणावी लागेल. रस्त्यावरचे पोर नशिबाने जगते असे म्हणणे म्हणजे त्याने कमावलेली अक्कल हिरावून घेणे होय. दांड्याच्या पोराला भरतीची वेळ नशिबाने कळत नाही.

जुने पान अपुरे होते, पण त्यात एक नकाशा होता. त्या नकाशावर गल्ल्यांची नावे लिहिण्याचे काम खेळ करणार्‍या परक्या माणसांचे नव्हे. ते आपल्या लेखकांचे आहे, आणि ते अजून व्हायचे आहे.