पोटेन्शिओमीटर आणि शक्तिव्यय : एका पाठ्यपुस्तकी विधानाची चिकित्सा

‘रोध वाढविला असता शक्तिव्यय घटतो’ हे पाठ्यपुस्तकांतील विधान स्थिर दाबाखालील संपूर्ण परिपथास लागू पडते, त्यातील प्रत्येक घटकास नव्हे. पोटेन्शिओमीटर चल-रोध म्हणून योजला की हा भेद स्पष्ट होतो.

१२ व्होल्ट दाब, १०० ओहमांचा भार आणि त्याच्याशी एकसरीत जोडलेला, एकसमान पट्टीचा १००० ओहमांचा पोटेन्शिओमीटर घेऊ. त्याचा रोध शून्यापासून वाढवीत नेल्यास भारातील शक्ती १.४४ वॉटपासून सतत घटते. पोटेन्शिओमीटरमधील शक्ती मात्र प्रथम वाढते, १०० ओहमांस ०.३६ वॉट हे महत्तम मूल्य गाठते आणि त्यानंतरच उतरू लागते.

यावरून अर्ध्या वॉटचे उपकरण पुरेसे आहे, असा निष्कर्ष काढणे घातक होय. ती मर्यादा संपूर्ण पट्टीची असते. तदनुसार प्रवाह सुमारे २२.४ मिलिअँपिअरपलीकडे जाता कामा नये. उपरोक्त स्थितीत तर पट्टीच्या अवघ्या दशांशातून ६० मिलिअँपिअर वाहतात. म्हणून शक्तीबरोबरच प्रवाहाची मर्यादाही शिकविली पाहिजे. एरव्ही विद्यार्थ्याचे गणित बरोबर येईल आणि उपकरण मात्र जळून जाईल.