लांग, चड्डी आणि काचेची पेटी

खेळाचा इतिहास जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं, एवढाच आजचा प्रश्न. आमची उभी हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. त्यामुळे साध्या वस्तूकडेही ‘ही वस्तू म्हणजे काय’ असं विचारत बघायची खोड आम्हाला लागली आहे. ती तासाभरासाठी सहन करा.

क्रीडा संग्रहालयात गेलात की काय दिसतं? पदकं, चषक, मानपत्रं, सही केलेली बॅट. आमचा आक्षेप इथूनच सुरू होतो. पदक मुळातच जपण्यासाठी घडवलेलं असतं. खेळ चालू असताना त्याचा काडीचा उपयोग नसतो. खेळाडूच्या अंगावरचा कपडा मात्र झिजण्यासाठीच शिवलेला असतो. खेळ संपला की पदक भिंतीवर जातं आणि कपडा पोछा पुसायला जातो. म्हणजे आपल्या संग्रहात उरतं ते बहुतेक खेळाबाहेरचं.

कुस्ती घ्या. पैलवान आत लंगोट कसतो, वर चड्डी चढवतो. बघणाऱ्याला वाटतं, लाज झाकण्यापुरतं कापड. पण मातीतल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याच्या चड्डीला धरून त्याला ओढता येतं, उचलता येतं. कितीतरी डाव त्या पकडीवर उभे आहेत. ऑलिंपिकमधल्या फ्रीस्टाइल कुस्तीत एकसंध तंग पोशाख असतो, आणि त्याला हात घातला की पंच हटकतो. कपडा बदलला आणि त्याच्याबरोबर डावांचं एक अख्खं घराणं निरुपयोगी झालं. तेव्हा चड्डीची जाडी, तिची शिवण, कमरेची पट्टी, नाड्याची गाठ या बाबी किरकोळ कशा? डाव कसा लागत होता, याचा तो पुरावाच आहे. तो हरवला की जुन्या पुस्तकातलं डावाचं वर्णन वाचता येतं, पण कळत नाही.

मार्सेल मॉस या फ्रेंच विचारवंताने १९३४ साली शरीराच्या तंत्रांवर एक व्याख्यान दिलं होतं. पहिल्या महायुद्धात इंग्रज सैनिकांना फ्रेंच फावडी वापरता येईनात, म्हणून एका डिव्हिजनसाठी ८,००० फावडी बदलावी लागली, हा त्यातला दाखला. फावडं काय, चड्डी काय, हात त्या वस्तूबरोबर शिकतो.

आता खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ला लंडनमध्ये सहावे आले, १९५२ला हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्यावरचं लेखन वाचलं तर पैशाची जुळवाजुळव येते, नंतरची उपेक्षा येते. ते यायलाच हवं; १९८४ साली ते गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळाने मिळाला, हे विसरता येत नाही. पण त्या लेखनात कुस्ती फार थोडी सापडते. लाल मातीत वाढलेल्या शरीराने मॅटवर जाताना काय काय सोडून दिलं? चड्डीची पकड गेली, अंगाला माती चोळल्यावर घामेजल्या कातडीवर मिळणारी धर गेली, मग त्या जागी काय आलं? लंडनआधी रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकांनी त्यांना शिकवलं होतं, एवढी एक ओळ येते आणि चरित्र पुढे सरकतं. आमच्या मते खरी गोष्ट त्या ओळीत होती.

पण आमच्याच म्हणण्याला एक अडचण आहे, ती सांगितली पाहिजे. कपडा जपला म्हणजे इतिहास जपला असंही नाही. पळवणकर बाळू पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळत तेव्हा मैदानावर त्यांचा वेश इतरांसारखाच पांढरा होता. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या पात्रात चहा मिळे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात या गोलंदाजाने शंभराहून अधिक बळी घेतले. उद्या एखाद्या संग्रहालयाने त्यांच्या काळचा पांढरा सदरा मांडला, तर तो सदरा समतेचीच साक्ष देईल, आणि ती साक्ष खोटी असेल. सदऱ्याशेजारी ते मातीचं पात्र ठेवावं लागेल. आणि मातीचं पात्र तर फोडून टाकण्यासाठीच असतं!

दुसरा घोळ धुण्याचा. आपल्याकडे जुनी वस्तू मिळाली की ती आधी ‘स्वच्छ’ करतात. हौदातल्या मातीत ताक, तेल, हळद मिसळलेली असते. ती चड्डीच्या धाग्यात मुरलेली असते. ती धुऊन काढणारा मनुष्य दस्तऐवजावरची शाई पुसतो आहे. बरं, न धुवावं तर घामातल्या क्षारांनी सूत खराब होतं. हा निर्णय जाणकारानेच करावा, पण निदान धुण्याआधी छायाचित्र घ्या, काय पुसलं ते लिहून ठेवा. कापडावर प्रखर उजेड नको, हेही ओघाने आलंच. ५० लक्सच्या आसपास बास.

वाटून घेण्याबद्दल बोलायचं तर आपल्यापुढे एक मोठा वस्तुपाठ आहे. बडोद्याहून द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढला. तो मराठीत आहे आणि डाव चित्रांसह दाखवतो. त्यामागे दृष्टी ही, की हे ज्ञान वाचकापर्यंत, करणाऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे. आजची डिजिटल दालनं पाहिली की वाटतं, चित्र गुळगुळीत झालं पण हा वाचक सुटला. पडद्यावर चड्डी गोल गोल फिरते. ती कशी नेसायची, हे कुणी दाखवत नाही. लंगोट कसतानाचं दोन मिनिटांचं चित्रण त्या फिरत्या चित्रापेक्षा आम्हाला मोलाचं वाटतं.

आणि वस्तूखालची चिठ्ठी. ‘पैलवानाची चड्डी, सुती, विसावं शतक’ असं लिहून भागत नाही. कुणी शिवली, किती पदरी, कुठल्या तालमीत वापरली, कमरेपाशी कुठे विरली आहे, आणि त्या जागी कुठल्या डावात हात पडायचा, हे एखाद्या म्हाताऱ्या वस्तादाला विचारून लिहा. चिठ्ठीवर नावही त्याचंच घाला.