निवेदकावरचा राग नेमका कोणावर असतो?

पेट पास झालेल्या आणि सिनॉप्सिससाठी विषय शोधणाऱ्या मुलामुलींकडून एक शीर्षक हमखास ऐकू येतं: 'अमुक कार्यक्रमाविषयी श्रोत्यांची मतं'. विषय सोपा वाटतो, कारण मतं फुकट आणि हवी तेवढी मिळतात. पण मतं गोळा करणं वेगळं आणि त्यांचा अर्थ लावणं वेगळं. एका उदाहरणावरून हे बघू या.

उदाहरण आहे बीबीसी रेडिओ ३ चं. ब्रिटनमधलं हे सार्वजनिक केंद्र मुख्यतः पाश्चात्य अभिजात संगीत ऐकवतं. त्याच्या सकाळच्या कार्यक्रमाचं नाव 'ब्रेकफास्ट'. पेट्रॉक ट्रिलॉनी हा तिथला वर्षानुवर्षांचा ओळखीचा आवाज. या कार्यक्रमावरच्या तक्रारी ठरलेल्या असतात: बोलणं फार होतं, अख्खी सिम्फनी न लावता तिचा एकच भाग लावतात, श्रोत्यांचे निरोप वाचत बसतात. स्तुतीही ठरलेली असते: आवाज सोबतीसारखा वाटतो, माहिती देतात पण शिकवणी घेत नाहीत.

आता नवा संशोधक काय करतो? अनुकूल, प्रतिकूल, तटस्थ असे तीन रकाने आखतो, कोडिंग करतो, वर्तुळाचे तुकडे रंगवतो आणि 'इतके टक्के श्रोते नाराज' असं लिहून मोकळा होतो. माझा आक्षेप या पद्धतीवर आहे.

'हा माणूस फार बोलतो' हे वाक्य घ्या. याचा पहिला अर्थ असा की त्या माणसालाच बोलण्याची खोड आहे. दुसरा असा की कार्यक्रमाची आखणीच छोट्या रचना आणि मध्ये गप्पा अशी आहे. त्या खुर्चीत कोणीही बसलं तरी तेवढंच बोलेल. तिसरा अर्थ असा की श्रोत्याच्या मते अशा केंद्राने गप्पा मारूच नयेत. म्हणजे एक तक्रार माणसाबद्दल, एक साच्याबद्दल आणि एक संस्थेच्या हेतूबद्दल. तीन रकान्यांच्या कोडिंगमध्ये तिन्ही 'प्रतिकूल' म्हणून एकाच पोत्यात जातात. गाण्यांची यादी ठरवण्यात निर्मात्यांचा मोठा हात असतो. पण निर्माता ऐकू येत नाही, निवेदक ऐकू येतो. म्हणून बोलणी त्याला बसतात आणि बऱ्याचदा कौतुकही त्याच्याच खात्यात जमा होतं.

हेतूबद्दलचं भांडण उगाच नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये 'क्लासिक एफएम' हे व्यावसायिक केंद्र सुरू झालं. सोपं, ओळखीचं संगीत आणि मोकळं निवेदन हा त्याचा बाज. त्याचे श्रोते रेडिओ ३ च्या दुपटीच्या आसपास असतात. परवाना शुल्कावर चालणाऱ्या केंद्राने त्याच्यासारखं व्हावं का? २०१५ मध्ये बीबीसी ट्रस्टनेच रेडिओ ३ ला वेगळेपण जपायला आणि क्लासिक एफएमशी असलेलं साम्य कमी करायला सांगितलं. तेव्हा 'सिम्फनीचा एकच भाग का?' असं विचारणाऱ्याला किरकिरा म्हातारा म्हणून बाजूला सारू नका. सार्वजनिक पैसा कशासाठी, हा प्रश्न तो आपल्या भाषेत विचारत असतो.

उलट प्रत्येक तक्रार तात्त्विकच असते असंही नाही. १९३३ मध्ये शीला बॉरेट बीबीसीवर निवेदन करू लागल्या. बाईचा आवाज नको, अशा तक्रारी आल्या आणि काही महिन्यांतच त्यांना थांबवलं गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विल्फ्रेड पिकल्स यॉर्कशरच्या ढंगात बातम्या वाचायचे, त्यावरही कुरकुर झाली. दोन्हीकडे शब्द 'आवाज आवडत नाही' असेच असणार. खरा मुद्दा इथे कोणी बोलावं हा होता. म्हणून कोडिंग करताना चौथा कप्पा ठेवा: बोलणारा कोण आहे, याबद्दलची अढी.

आता ही मतं कोणाची? मत कळवण्याचे कष्ट घेतो तो एकतर चिडलेला असतो, नाहीतर भारावलेला. चहा ठेवता ठेवता ऐकणारा, ज्याला सगळं ठीक वाटतं, तो काहीच लिहीत नाही. बीबीसीलाही हे उमगलं होतं. नुसत्या पत्रांवर विसंबून चालणार नाही म्हणून १९३६ मध्ये रॉबर्ट सिल्वी यांच्याकडे श्रोता-संशोधनाचं काम दिलं गेलं. आज 'राजार' ही यंत्रणा श्रोत्यांच्या नोंदींवरून आकडे काढते. पण तिच्या हिशोबात आठवड्यातून किमान पाच मिनिटं ऐकणारा १५ वर्षांवरचा माणूस 'श्रोता' ठरतो. कोणी ऐकलं हे त्यातून कळतं, आवडलं का ते कळत नाही. पत्रांतून आवड कळते, पण किती जणांची ते कळत नाही. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडी घालू नका.

मग माणूस आणि साचा वेगळे कसे करायचे? एप्रिल २०२५ मध्ये याची आयती संधी चालून आली. ट्रिलॉनी संध्याकाळच्या 'इन ट्यून'वर गेले आणि सकाळी टॉम मॅकिनी आले. म्हणजे वेळ तीच, माणूस वेगळा. आणि माणूस तोच, वेळ वेगळी. मॅकिनींवरही 'फार बोलतात' याच तक्रारी त्याच प्रमाणात येत असतील, तर दोष साच्याकडे सरकतो. ट्रिलॉनींवरच्या तक्रारी संध्याकाळीही मागे लागल्या असतील, तर माणसाकडे.

पण लगेच निष्कर्षावर उडी नको. 'इन ट्यून'मध्ये पाहुणे येतात, प्रत्यक्ष वादन होतं. म्हणजे नुसती वेळ बदललेली नाही. शिवाय सवयीचा आवाज गेला की पहिले काही आठवडे नव्याबद्दल कुरकुर होतेच. म्हणून बदलाच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष घ्या, मधले तीन महिने वेगळे ठेवा. कोडिंग दोघांनी स्वतंत्रपणे करा आणि कुठे जुळत नाही ते पाहा. 'फार बोलतो'सारखी वाक्यं नेमकी तिथेच अडकतील. ती गाळू नका, तुमच्या प्रबंधाचं सगळ्यात चांगलं प्रकरण त्यातूनच निघेल.

सिनॉप्सिसमधला प्रश्नही बदला. 'श्रोत्यांना निवेदक आवडतो का?' हे विचारलंत, तर उत्तर हो किंवा नाही यापुढे जाणार नाही. 'निवेदकाबद्दल बोलताना श्रोते आणखी कशाकशाबद्दल बोलतात?' असं विचारा. हा प्रश्न विविध भारतीच्या 'संगीत सरिता'ला लावता येईल, तुमच्या गावच्या आकाशवाणी केंद्रालाही. फक्त कप्पे तिथल्या मतांमधून काढा, रेडिओ ३ चे उचलून तिथे चिकटवू नका.