आधी लिपी, मग सजावट

चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर सिरुसेरीचा सिपकॉट आयटी पार्क आहे. सिरुसेरीत काय किंवा हिंजवडीत काय, वेब अॅप्लिकेशन घडवणाऱ्यांपुढचा पेच सारखाच असतो: माहिती एक, पण ती तमिळ, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या वाचकांना नीट दिसली पाहिजे. हे काम स्टाइलशीटचे, म्हणजे मजकुराचे रूप ठरवणाऱ्या नियमांचे. तीस वर्षांत ही कला कुठवर आली आणि त्यातले मराठीच्या पदरात किती पडले, याचा हिशोब मांडायला हवा.

होकन व्हियूम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्न या संस्थेत असताना सीएसएस या स्टाइलशीट-भाषेची कल्पना मांडली. बर्ट बॉस यांच्या साथीने तिची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाण ठरली. मजकूर वेगळा, त्याचे रूप वेगळे, हे तिचे मूळ तत्त्व. १९९९ मध्ये आलेल्या एक्सएसएलटी या रूपांतर-भाषेने ते आणखी पुढे नेले. एकाच एक्सएमएल माहितीवर निरनिराळी स्टाइलशीट चालवून संगणकासाठी एक पान, मोबाइलसाठी दुसरे आणि छपाईसाठी पीडीएफ काढता येऊ लागली. मांडणी सुरेख होती, पण देवनागरी तिथेच अडखळली. पीडीएफ घडवणाऱ्या अपाचे एफओपी या साधनात जोडाक्षरे नीट जुळवणाऱ्या लिपी-व्यवस्थेची सोय २०१२ मध्ये आली. आता तर ब्राउझरमधून एक्सएसएलटी काढून टाकण्याचा बेत क्रोमने २०२५ मध्ये जाहीर केला आहे.

सीएसएसची वाटचाल मात्र भरभराटीची आहे. एकच मजकूर शेकडो रूपांत कसा नटतो, हे २००३ च्या ‘सीएसएस झेन गार्डन’ या संकेतस्थळाने दाखवले. ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणाऱ्या मांडणीची दिशा दिली. २०१७ पासून ब्राउझरांत रुळलेल्या ‘ग्रिड’ या मांडणी-पद्धतीमुळे वृत्तपत्रासारखी स्तंभरचना सहज जमते. साधनांची चणचण राहिलेली नाही.

उणीव आहे ती दृष्टीत. तयार स्टाइलशीटमधली मापे बहुधा रोमन अक्षरे समोर ठेवून ठरतात आणि तीच मराठीवर लादली जातात. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांत अंतर वाढवले की देवनागरीची शिरोरेषा तुटते. तमिळला शिरोरेषाच नाही, त्यामुळे तोच नियम तिथे तितका खुपत नाही. याचा अर्थ ‘भारतीय भाषांसाठी’ म्हणून एकच स्टाइलशीट पुरत नाही. ओळींची उंची रोमन मापाने बांधली की ‘मूर्तींना’मधला रफार आणि अनुस्वार वरच्या ओळीला भिडतात, ‘कर्तृत्व’मधला ऋकार खाली कापला जातो. जोर देण्यासाठी यंत्राने तिरकी केलेली देवनागरी तर वाचवत नाही.

त्याहून गंभीर चूक डोळ्यांना पटकन दिसत नाही. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात ते प्रमाण मानले. दोन्ही वळणे ज्या फाँटमध्ये असतात, त्यातले मराठी वळण उमटण्यासाठी पानाच्या भाषेची नोंद मराठी अशी हवी. ही एक नोंद राहिली की सगळे पान हिंदी वळणाने उभे राहते आणि चाचणीत ते कोणी पकडत नाही.

फाँटांची सबबही आता उरलेली नाही. र. कृ. जोशी यांच्या ‘मंगल’ने विंडोजवर युनिकोड देवनागरीची वाट मोकळी केली. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ खुले करून दिले. ‘मुक्ता’चे तमिळ भावंड ‘मुक्ता मलर’ आहे, त्यामुळे मराठी आणि तमिळ पाने एकाच घराण्याची दिसू शकतात. प्रमाणांतही लिपीची जाण आली आहे. परिच्छेदाचे मोठे आद्याक्षर शिरोरेषेला टांगण्याचा नियम सीएसएसच्या मसुद्यात आहे. ब्राउझरांनी तो अजून मनावर घेतलेला नाही.

म्हणून या कलेबद्दल माझे मत असे: तंत्र प्रौढ झाले, कारागिरी अजून एका लिपीची आहे. ली आणि बॉस यांनी रूप वेगळे काढले ते वाचकाच्या गरजेप्रमाणे बदलता यावे म्हणून. प्रत्येक लिपीसाठी वेगळे नियम लिहिणे हा त्या तत्त्वाचा पहिला अर्थ आहे. मराठीसाठी ओळीची उंची वेगळी ठेवा, अक्षरांतले अंतर शून्य करा, भाषेची नोंद करा. चाचणीच्या मजकुरात ‘दुसऱ्या’, ‘वाङ्मय’, ‘कर्तृत्व’ हे शब्द घाला आणि ते मराठी वाचणाऱ्याला दाखवा. एवढे केल्याशिवाय अॅप्लिकेशन मराठीत आहे असे कोणी म्हणू नये.