होकुसाईची वीज आणि विडूडभाची कथा

जपानी काष्ठमुद्राचित्र म्हटले की आपल्याला समुद्राची ती एक प्रचंड लाट आठवते. ती लाट काढणाऱ्या कात्सुशिका होकुसाईने (१७६०–१८४९) कादंबऱ्यांसाठीही विपुल चित्रे काढली, याची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. बाकिनच्या कादंबऱ्या त्याने सजविल्या. आणि १८४५ साली, वयाच्या ८५च्या सुमारास, यामादा इसाईने लिहिलेल्या तथागतांच्या चरित्रकथेला चित्रे दिली. हा ग्रंथ 'योमिहोन' या कादंबरीप्रकारात मोडतो. त्यात मजकूर प्रधान असतो, चित्रे अधूनमधून येतात. म्हणूनच कोणता प्रसंग चित्रासाठी निवडला, याला महत्त्व येते.

या ग्रंथातील एक अतिशय गाजलेले चित्र विडूडभाच्या मृत्यूचे आहे. शाक्यांचा संहार करणाऱ्या या कोसलराजाला आकाशातील वीज फाडून टाकते. स्फोटाच्या केंद्रातून सरळ रेषा चोहोकडे फेकल्या गेल्या आहेत. आजच्या जपानी चित्रकथांचे मूळ त्यांत शोधले जाते, ते उगीच नव्हे. येथे कोरक्यालाही दाद दिली पाहिजे. काष्ठठशावर रेषा कोरलेली नसते. तिच्या दोन्ही अंगांचे लाकूड काढून तिला उभी राखलेली असते. एक जरी तुटली तरी वीज विझली!

परंतु धम्मपद-अट्ठकथेत वीज नाही. तेथे विडूडभ अचिरवती नदीच्या पुरात बुडतो. त्याआधीचा प्रसंग त्याहून महत्त्वाचा आहे. शाक्यांनी पसेनदीला कुलकन्या म्हणून दासीकन्या दिली. तिचा पुत्र विडूडभ आजोळी आला, आणि तो उठून गेल्यावर त्याचे आसन दूधपाण्याने धुण्यात आले. धुणारीही दासीच होती. विटाळाची ही कल्पना आपल्या वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. पुढे तथागत विरळ सावलीच्या वृक्षाखाली बसले आणि त्यांनी तीन वेळा सैन्य परतविले.

होकुसाईच्या विजेत अपराधी दिसतो, अपराधाचा उगम दिसत नाही. वंशाभिमानातून पेटलेला संहार येथे दैवी शासनाचा देखावा होतो, आणि मनुष्याने केलेल्या गोष्टीचा निवाडा आकाशाकडे जातो. हा दोष एकट्या चित्रकाराचा म्हणता येणार नाही. योमिहोनच्या वाचकाला अद्भुताची ओढ होती आणि प्रकाशकाला ती ठाऊक होती. रेखाटन म्हणून हे चित्र मला थोर वाटते. विडूडभाची कथा म्हणून मात्र ते अर्धेच आहे. धुतलेले ते आसन त्याच्या चौकटीबाहेर राहिले आहे.